ओल भिंतीत, खोकला छातीत

परतीचा पाऊस ओसरू लागला की आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांकडे एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. ताप नाही, थुंकी तपासून झालेली, छातीचा एक्स-रे चांगला, पण खोकला काही हटत नाही. रात्री दोन-अडीचला उबळ येते, पहाटे छातीत शिट्टीसारखा आवाज येतो आणि दिवसा मंडईत भेटावे तर हाच माणूस धडधाकट! पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या तीन-चार अर्ध्या बाटल्या असतात. अशा रुग्णाला नवे औषध लिहून देण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो, "आपण झोपता कुठे?"

प्रश्न ऐकून माणसे जरा बुजतात. उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच येते, "खालच्या खोलीत."

ही खालची खोली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. तळघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या वाड्यातले धान्य ठेवायचे बळद येते, किंवा सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे येतात. आपल्या वाडवडिलांनी जमिनीखाली हळद ठेवली, माणसे ठेवली नाहीत. त्या पेवांतही २००५ च्या महापुराचे पाणी शिरले आणि हळदीचे मोठे नुकसान झाले. आज मात्र आपल्या गावागावांत नवी तळघरे तयार झाली आहेत, आणि त्यातली निम्मी कोणी बांधलेलीच नाहीत. ती रस्त्याने केली. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवी खडी, तिच्यावर नवे डांबर आणि शेवटी काँक्रीट. जुना थर उकरून काढण्याची तसदी कोणी घेत नाही. आमच्या पेठेत अशी घरे आहेत की जिथे पूर्वी तीन पायऱ्या चढून उंबरा ओलांडावा लागे, तिथे आज दोन पायऱ्या उतरून जावे लागते. घर होते तिथेच आहे. गटार मात्र जोत्याच्या खाली होते, ते आता भिंतीच्या कमरेला लागले आहे.

अशा खोलीत राहते कोण? जिना चढवत नाही म्हणून आजी-आजोबा राहतात. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीची खाट तिथे टाकतात. भाडे कमी म्हणून बाहेरगावचे विद्यार्थी राहतात. म्हणजे ज्यांची छाती घरात सर्वांत नाजूक, त्यांनाच आपण सर्वांत ओल्या भिंतीशेजारी झोपवतो. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, सोय म्हणून होते. पण ही सोय महागात पडते असे माझे मत आहे, आणि ओल दिसली की रंगाऱ्याला बोलावण्याची आपली जी रीत आहे तिच्याविषयी तर मला फार दिवसांपासून लिहायचे होते.

आधी ओल ओळखायची कशी ते पाहू. रुग्ण तपासताना आम्हाला चार गोष्टी शिकवतात : डोळ्यांनी पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकणे आणि कानाने ऐकणे. भिंतीलाही हीच पद्धत लागू पडते. फक्त कानाऐवजी नाक वापरायचे.

पाहताना सुरुवात जमिनीपासून करावी. जमिनीतले पाणी भिंतीतल्या बारीक छिद्रांतून वर चढते, कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे. साधारण दोन-तीन फुटांवर ते थांबते आणि तिथे चहाच्या डागासारखी पिवळसर, वेडीवाकडी रेघ उमटते. ही रेघ आडवी, खोलीभर गेलेली असेल तर पाणी खालून येते आहे असे समजावे. डाग वरून ओघळलेला असेल तर छत किंवा वरच्या मजल्यावरची मोरी संशयित. रेघेच्या खाली रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात, आणि पांढरी पूड फुटते. तिला आपल्याकडे लोणा म्हणतात. पुष्कळ लोक लोण्यालाच बुरशी समजून घाबरतात. लोणा म्हणजे पाण्याबरोबर वर आलेला क्षार. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो बहुधा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, बोटाला काळपट-हिरवट फासली जाते. लोण्याने छातीला फारसे काही होत नाही, पण जिथे लोणा आहे तिथे पाणी आहे, आणि जिथे पाणी आहे तिथे बुरशी यायला वेळ लागत नाही. पाण्याने भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते.

याखेरीज दाराच्या चौकटीचा तळ पाहावा. तो मऊ लागतो का, वाळवीची मातीची नळी दिसते का? लोखंडी कपाटाच्या पायांखाली फरशीवर गंजाची कडी उमटली आहेत का? स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेले आहेत का? भिंतीवरच्या तसबिरी उतरवून मागचा पुठ्ठा पाहावा. आणि कपाट हलवावे. कपाट हलवल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे मी मानत नाही, कारण बुरशीला अंधार नि कोंडलेली हवा लागते आणि ती दोन्ही कपाटामागे फुकट मिळतात.

नाकाची परीक्षा सोपी आहे, पण घरातल्या माणसाने ती करून उपयोग नाही, कारण त्याचे नाक सरावलेले असते. खोली दोन दिवस बंद ठेवून उघडावी आणि पहिला श्वास घ्यावा. किंवा पाहुण्याला विचारावे. (आपले पाहुणे भिडेपोटी खरे सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) ट्रंकेतल्या वाकळा, लग्नातला शालू, जुनी पुस्तके यांना कुबट वास येतो का पाहावे. तो वास दाबण्यासाठी बायका कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकतात. वास दबतो, ओल तशीच राहते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या गोळ्या मुळीच टाकू नयेत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात आणि कावीळ वाढते.

हाताने चाचपायचे ते तळहाताने नव्हे, हाताच्या मागच्या बाजूने. आई बाळाचा ताप पाहते तसे. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा थंड लागते. मग बोटाच्या पेराने ठोकत जावे. चांगला गिलावा ठणठणीत वाजतो, सुटलेला गिलावा पोकळ, डब्ब आवाज देतो. भिंतीला टाइल्स लावलेल्या असतील तर हे ठोकणे जास्तच महत्त्वाचे, कारण टाइलमागे काय चालले आहे ते दिसत नाही.

आता एक छोटा प्रयोग. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ते भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची वाफ थंड भिंतीवर बसते आहे. उपाय अगदी वेगवेगळे आहेत. पहिल्यात गवंडी लागतो, दुसऱ्यात खिडकी उघडावी लागते, खोलीत कपडे वाळत घालणे बंद करावे लागते आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर काढावी लागते. पावसाळ्यात शहाबादी फरशीला घाम फुटतो तो बहुधा या दुसऱ्या प्रकारचा.

रुग्णाला आम्ही विचारतो, कधीपासून होते, कशाने वाढते, कशाने कमी होते? भिंतीलाही विचारावे. ओल आषाढात येऊन दसऱ्यापर्यंत जात असेल तर ते पावसाचे पाणी आहे : पन्हाळ फुटली असेल, पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत असतील. ऐन वैशाखातही डाग ओला असेल तर पावसाला दोष देऊ नये. नळाची पाइप, मोरीचे तोंड, संडासाची टाकी, नाहीतर शेजारच्या घराची मोरी यांतले काहीतरी गळते आहे. रात्री सगळे नळ बंद करून हौदात काठी घालून खूण करावी आणि पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी पुन्हा पाहावे. पातळी उतरली असेल तर पाणी कुठे गेले याचा विचार करावा. आणि ओलीला घाण वास येत असेल तर हे काम उद्यावर टाकू नये. जे सांडपाणी भिंतीत शिरते ते जमिनीतल्या पिण्याच्या हौदातही शिरू शकते, आणि मग प्रश्न खोकल्याचा राहत नाही, कावीळ आणि जुलाबाचा होतो. जुन्या वाड्यांत आणखी एक गोष्ट आढळते. मधल्या चौकातला आड बुजवून त्यावर खोली काढलेली असते. आड बुजला तरी खालचे पाणी बुजत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर आड कुठे होता ते नेमके सांगतात.

आता छातीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओल्या, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचे झटके यांचा धोका अधिक असतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. याची कारणे दोन-तीन आहेत. बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेत तरंगतात आणि श्वासातून आत जातात. दमट हवेत गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे वाढतात आणि त्यांची विष्ठा हे दम्याचे एक मोठे निमित्त आहे. घरातल्या सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. ज्याची प्रकृती ॲलर्जीची, त्याला होतो. "एकाच खोलीत झोपतो, मग मला का नाही होत?" असे नवरा बायकोला विचारतो, त्याला हे उत्तर आहे.

दम्याच्या काही थोड्या रुग्णांत अॅस्परजिलस नावाची बुरशी श्वासनलिकांतच ठाण मांडते. खोकल्यातून तपकिरी बेडके पडतात, एक्स-रेवर छाया दिसते आणि आपल्या देशात अशा रुग्णाला क्षयरोगाचा रुग्ण समजून महिनोन्महिने गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. याला वेगळ्या रक्ततपासण्या आणि वेगळे उपचार आहेत. दुसरा एक आजार फुप्फुसाच्या जाळीचा. देशभरातल्या १०८४ रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाची जाळी खराब झालेल्या त्या रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना श्वासातून गेलेल्या बुरशीसारख्या गोष्टींच्या ॲलर्जीने झालेला आजार होता, आणि त्यांत एअर कूलर वापरणारे बरेच होते. उन्हाळ्यात कूलरमधले गवत सडेपर्यंत वापरणाऱ्यांनी आणि टाकीतले पाणी महिनाभर न बदलणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. कूलर ही आपण पैसे देऊन घरात आणलेली ओल आहे.

पण या लेखाचा भलताच अर्थ काढू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर भिंत पाहण्याआधी थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोग भिंतीतून येत नाही, माणसाकडून माणसाला होतो. अंधाऱ्या, कोंदट खोलीत तो लवकर पसरतो एवढेच. तसेच ओलीमुळे संधिवात होतो अशी समजूत सर्वत्र आहे. थंड-दमट हवेत दुखणे जास्त जाणवते हे खरे, पण सांधे झिजतात ते भिंतीमुळे नव्हे. आणि काळा डाग म्हणजे जहरी बुरशी, असेही नाही. रंगावरून कोणतीही बुरशी ओळखता येत नाही. डाग काळा असो की हिरवा, तो काढायचा आणि त्याचे पाणी बंद करायचे, एवढे पुरे.

आमच्या पेठेतल्या एका आजींची हकिकत सांगतो. वय सत्तरीच्या आसपास, दमा जुना. पंप नियमित, ओढण्याची पद्धतही बरोबर. तरी पावसाळा लागला की रात्री उठून बसायच्या. एका दिवाळीत त्या लेकीकडे आटपाडीला गेल्या आणि तीन आठवडे राहिल्या. आटपाडी म्हणजे आपल्या जिल्ह्याचा कोरडा मुलूख. औषध तेच, पंप तोच, पण रात्रीची उबळ थांबली. परत आल्या आणि चौथ्या रात्री पुन्हा सुरू! सून म्हणाली, "लेकीकडं गेलं की बरं वाटतंयच की त्यास्नी." मुलगा गप्प. घरात यावरून चांगलीच धुसफूस झाली. मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. आजींची खाट मागच्या सामाईक भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोरी. खाटेखालची ट्रंक ओढली तर मागे ताटाएवढा काळा डाग. आजी तीन आठवडे लेकीच्या प्रेमाने नव्हे, आटपाडीच्या कोरड्या भिंतीने बऱ्या झाल्या होत्या. लेकीचे प्रेम होतेच, पण सुनेवरचा आळ त्या दिवशी उतरला.

खाट पुढच्या सोप्यात आली. मोरी दुरुस्त व्हायला मात्र दोन महिने गेले, कारण भिंत सामाईक आणि खर्च कोणाचा, यावर दोन घरांत बोलणे बंद झाले. शेवटी दोघांनी निम्मे-निम्मे दिले. पुढच्या पावसाळ्यात आजींसाठी मला एकदाही रात्री उठावे लागले नाही. दमा गेला नाही, दमा असा जात नसतो. पण पंपाची मात्रा कमी करता आली.

त्या भिंतीला आदल्या तीन वर्षांत तीनदा रंग दिला होता. "डॉक्टर, यंदा भारीतला वॉटरप्रूफ काढलाय," असे त्यांच्या चिरंजीवांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. ओल्या भिंतीला आतून रंग देणे म्हणजे वाहणाऱ्या जखमेवर नुसती पट्टी बांधणे. पाणी आत कोंडते आणि वाट काढत आणखी वर चढते. सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स यांचेही तेच. जुन्या माती-विटांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असे तेव्हा आत आलेले पाणी पुन्हा हवेत उडून जाई. आपण त्यांना सिमेंटचा घट्ट सदरा चढवला. चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या की चार फूट चार इंचांवर डाग दिसतो, हे कोणत्याही अनुभवी गवंड्याला विचारा.

रंग लावून गप्प बसण्याची ही सवय केवळ आपलीच नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल दगावले. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेला श्वसनाचा आजार हे मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. मुलाच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यांना रंग मारून घ्यायला सांगण्यात आले होते. त्या मुलाच्या नावाने २०२३ मध्ये तिथे कायदा झाला. सामाजिक घरयोजनांच्या मालकांनी ओलीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती केली पाहिजे, असे बंधन ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. आपल्याकडे भाडेकरूने ओलीची तक्रार केली तर "पटत नसेल तर खोली सोडा" हे उत्तर मिळते. विद्यार्थ्यांना भाड्याने खोल्या देणाऱ्या घरमालकांना माझी विनंती आहे की भाडे ठरवताना एक रात्र स्वतः त्या खोलीत झोपून पाहावे.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी पाण्याचा उगम बंद, मग भिंत कोरडी, सगळ्यांत शेवटी रंग. पागोळ्यांचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने दोन-तीन फुटांचा कोबा करून त्याला भिंतीपासून दूर उतार द्यावा. भिंतीलगतची झाडे, मातीचे ढीग, विटांच्या थप्प्या हलवाव्यात. आपल्या नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, ती भिंतीला टेकलेली असली की ओल हटतच नाही. सुटलेला गिलावा डागाच्या वर फूटभरापर्यंत काढून भिंत उघडी ठेवावी. जाड भिंत वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. दसऱ्याला गिलावा काढून दिवाळीला रंग, हे जमणार नाही. यंदाच्या दिवाळीत ती एक भिंत उघडी राहिली तर पाहुणे काही परत जाणार नाहीत.

बुरशीचा डाग लहान असेल तर घरी काढता येतो. नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावे. कोरड्या ब्रशने घासू नये, त्याने बीजकण खोलीभर उडतात. ब्लिचिंगचे पाणी आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये. आणि भिंत लवकर वाळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही.

पुराविषयी थोडे, कारण आपण नदीकाठची माणसे. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर आपण पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी उतरल्यावर खालच्या खोलीत किंवा तळघरात शिरण्यापूर्वी मुख्य वीज बंद झाल्याची खात्री करावी. भिजल्या पायांनी मोटार चालू करायला गेलेला माणूस परत येत नाही, अशा बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. ज्यांच्याकडे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच नाही त्यांनी तो बसवून घ्यावा. भिंतीच्या रंगापेक्षा तो स्वस्त पडतो. तळघर भरले असेल तर पाणी एका दमात उपसू नये. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतले पाणी एकदम काढले तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते, म्हणून टप्प्याटप्प्याने उपसावे. पेट्रोल-डिझेलचे इंजिन तळघराच्या बाहेरच ठेवावे, कारण त्याच्या धुरातही तोच कार्बन मोनॉक्साइड. गाळ काढताना गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. गाळात काम केल्यावर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि गाळात उतरलो होतो हे आवर्जून सांगावे. भिजलेल्या कापसाच्या गाद्या उन्हात वाळवून पुन्हा वापरू नयेत. मन होत नाही, हे मला ठाऊक आहे.

आणि नवी तळघरे. नव्या इमारतींना तळघर मंजूर होते ते गाड्यांसाठी, सामानासाठी, यंत्रांसाठी. राहण्यासाठी नाही. प्रत्यक्षात तिथे क्लास चालतात, अभ्यासिका चालतात, आणि सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या व्यवसायातल्या मंडळींचे दवाखानेही चालतात. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगर भागात २७ जुलै २०२४ रोजी एका इमारतीच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी घुसले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन तरुण मुले बुडाली. ते तळघर अभ्यासिकेसाठी मंजूरच नव्हते. आपले पोर अभ्यासिकेत घालताना आईबाप फी विचारतात, निकाल विचारतात. खोली रस्त्याच्या वर आहे की खाली, बाहेर पडायला वाटा किती आणि खिडकी आहे का, हेही विचारावे. जी खोली बुडू शकते ती पावसाळाभर ओलीही असते.

राहिला रस्ता. एकट्या घरमालकाने जोते उचलून घर वर घेणे बहुतेकांना परवडत नाही, आणि त्याने ते का करावे? पूर्वीचा थर उकरून, रस्त्याची मूळ पातळी राखून काम करता येते. खर्च आणि वेळ थोडा जास्त लागतो, इतकेच. रस्त्याच्या कामाचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या दवाखान्यात खोकणाऱ्या किती माणसांची घरे रस्त्याखाली गेली आहेत ते मी रोज पाहतो, म्हणून हा विषय इथे काढला. तुमच्या गल्लीत काँक्रीटचे काम येणार असे कळले की खडीचा पहिला ट्रक यायच्या आत उंबऱ्यापासून रस्ता किती इंच खाली आहे ते टेपने मोजावे आणि टेपसकट फोटो काढावा. गल्लीतल्या सगळ्या घरांची मोजमापे एकाच अर्जावर लिहून, सह्या करून तो नगरपालिकेत द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात मागणी एकच : जुना थर आधी उकरा. काम झाल्यावर तोच टेप, तोच उंबरा, पुन्हा मोजावा.